इंटर्नशिप संपली, बॅगेत किल्ली राहिली

पत्र:

ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा आठवड्यांची इंटर्नशिप केली, अशा शहरात जिथे मी आधी कधी गेलेच नव्हते आणि ओळखीचं कुणी नव्हतं. परत येऊन तीन आठवडे झालेत. काम होतं कस्टमरच्या तक्रारी वाचून त्या आपोआप योग्य टीमकडे पाठवणारं टूल बनवायचं. टूल चालत होतं, पण एकाच मेसेजमध्ये दोन तक्रारी असल्या की गंडायचं, आणि ते शेवटपर्यंत लाइव्ह गेलं नाही, म्हणजे प्रत्यक्ष वापरात आलंच नाही. शेवटच्या दिवशी मॅनेजर सुट्टीवर, मेंटॉर दिवसभर मीटिंगमध्ये. मी लॅपटॉप आणि कार्ड आयटीच्या माणसाकडे दिलं, त्याने एका कागदावर सही घेतली, मी लिफ्टने खाली आले, संपलं. आम्ही पाच इंटर्न होतो, दोघांना पीपीओ (इंटर्नशिपवरूनच नोकरीची ऑफर) आला, मला 'सध्या हेडकाउंट नाही, संपर्कात राहू' एवढा दोन ओळींचा मेल. घरी सगळे विचारतात कशी झाली, मी 'छान' म्हणते आणि खोलीत जाते. रात्री फोनवर मॅप उघडून तिकडचे रस्ते बघत बसते. तिकडे मी रविवारी एकटी बसने कुठेही जायचे, मधेच उतरायचे, चालत परत यायचे, इकडे मी अशी नाहीच आहे. रूममेटशी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गप्पा व्हायच्या, आता आम्ही फक्त रील पाठवतो. परवा बॅग रिकामी केली तर तिकडच्या रूमची किल्ली निघाली, घरमालकीणबाईंना परत करायची राहूनच गेली. मला दोनच गोष्टी विचारायच्यात. हे दहा आठवडे वाया गेले का? आणि वाया गेले असतील तर मला तिकडची इतकी आठवण का येते?

– अजून तिकडेच

उत्तर:

प्रिय 'अजून तिकडेच',

तू दोन प्रश्न एकापाठोपाठ एक लिहिलेस, आणि लिहिताना तुला जाणवलं नसेल पण दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं निम्मं उत्तर आहे. जिथले दिवस वाया गेले तिथले रस्ते कुणी रात्री जागून बघत नाही गं. उरलेलं निम्मं उत्तर मात्र जरा लांबचं आहे, कारण तू एकाच वहीत दोन हिशोब मांडलेत, एक कंपनीचा आणि एक त्या शहराचा, आणि पहिल्यात आलेली खोट दुसऱ्यातून वजा करत बसलीयस. ते आधी सुटं करूया.

पहिल्यांदा तो शेवटचा दिवस. तू मला दहा आठवड्यांबद्दल लिहिलंस, पण त्यातल्या एकाच दिवसाचं तुला बारीकसारीक सगळं आठवतंय, आयटीचा माणूस, सही, लिफ्ट. बाकीच्या ६९ दिवसांना मिळून तू जेमतेम चार वाक्यं दिलीस. हे तुझंच होतं असं नाही, माणसाची आठवण अशीच चालते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग छापला होता, तो मला फार आवडतो कारण तो इतका साधा आहे. लोकांना हात १४ डिग्री सेल्सिअसच्या थंड पाण्यात ६० सेकंद धरायला लावला. नंतर दुसऱ्यांदा तसाच ६० सेकंद, पण हात बाहेर न काढता पुढे आणखी ३० सेकंद, आणि त्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ डिग्रीपर्यंत नेलं, म्हणजे होतं गारच पण किंचित कमी. मग विचारलं की यातला एक प्रकार परत करायचा झाला तर कुठला कराल, तर बहुतेकांनी दुसरा निवडला. जास्त वेळ त्रास असलेला! कारण त्याचा शेवट जरा बरा होता. किती वेळ गेला हे आपल्या आठवणीत फारसं मोजलंच जात नाही, सगळ्यात तीव्र क्षण कुठला होता आणि शेवट कसा झाला ह्यावरून आपण सगळ्या अनुभवाला मार्क देतो.

आता तुझ्या बाबतीत काय झालं बघ. तुझ्या मॅनेजरने त्या दिवशी सुट्टी घेतली नसती आणि मेंटॉरने दहा मिनिटं मीटिंगमधून उठून येऊन 'छान काम केलंस' म्हटलं असतं, तर काम तेच राहिलं असतं, टूल तितकंच चाललं असतं आणि गंडायचं तिथे गंडलंच असतं, पण तू मला हे पत्र लिहिलं नसतंस. म्हणजे तू सध्या जे मार्क देतेयस ते कुणाच्या तरी सुट्टीच्या अर्जावर अवलंबून आहेत. मला ते तुझ्यासाठी मान्य नाही.

मी हे इतक्या हक्काने सांगतेय कारण माझं हेच झालंय. मी आर्किटेक्चर शिकत होते तेव्हा एका ऑफिसात उन्हाळाभर काम केलं, तेही परक्या शहरात. शेवटच्या दिवशी सर केबिनमधून बाहेरच आले नाहीत, मी संध्याकाळपर्यंत थांबले, मग स्केल आणि पेनं पिशवीत भरली आणि निघाले. पुढे कितीतरी वर्षं कुणी विचारलं की मी एकच सांगायचे, 'दोन महिने दुसऱ्यांची ड्रॉइंग कॉपी केली.' आणि मला ते खरंच वाटायचं. मग एकदा घर बदलताना तेव्हाची वही सापडली. पाचव्या आठवड्याच्या पानावर एका जिन्याचं स्केच होतं, शेजारी उंचीची मापं, आणि मला धाडकन आठवलं की मला साईटवर पाठवलं होतं, तिथल्या सुपरवायझर काकांनी मला एकेक पायरी टेपने मोजायला लावली होती आणि शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दोन सेंटिमीटर उंच निघाली होती. ते म्हणाले होते की पाय पायऱ्यांची उंची पाठ करतो, त्यात एक जरी वेगळी आली तरी माणूस तिथेच अडखळतो. मी आजही कुठल्याही जिन्यावर पहिली आणि शेवटची पायरी आधी बघते. म्हणजे माझ्या कामातली इतकी पक्की सवय मला त्या उन्हाळ्याने दिली होती आणि मी तो उन्हाळा 'कॉपी केली' एवढ्यात गुंडाळून टाकला होता. वही सापडली नसती तर कधीच कळलं नसतं.

म्हणून तुला पहिलं काम हे सांगते, आणि ते ह्याच आठवड्यात कर, कारण आत्ता तीन आठवडे झालेत, तीन महिन्यांनी यातलं बरंच पुसलेलं असेल. दहा कोरी पानं घे, एकेका आठवड्याला एकेक. तू म्हणशील ऑफिसचा मेल बंद झाला, कॅलेंडर गेलं, आता काय आठवणार. तुझ्या फोनमध्ये सगळं आहे. आईला पाठवलेले मेसेज पहिल्यापासून वाच. 'पोचले', 'आज उशीर होईल', 'आज डेमो नीट झाला', 'झोपते, डोकं दुखतंय', हे आपण विचार न करता पाठवतो म्हणूनच खरे असतात, तुझी डायरीच आहे ती, फक्त आईकडे ठेवायला दिलेली. मग फोटो तारखेप्रमाणे बघ. मैत्रिणीला रात्री पाठवलेले वैतागलेले व्हॉइस मेसेजपण ऐक. आणि प्रत्येक पानावर मला एवढंच हवंय की त्या आठवड्यात सोमवारी कशाची भीती वाटत होती आणि शुक्रवारी त्याचं काय झालं होतं. काही पानं जवळपास रिकामी राहतील, राहू देत. सगळे आठवडे सारखे नसतातच, पहिले दोन तर कुठल्याही इंटर्नचे लॉगिन मिळवण्यात आणि कुणाला काय विचारायचं हे समजण्यात जातात.

एक गोष्ट सांभाळ. ह्या वहीत कंपनीचा कोड, कस्टमरची नावं, आतले आकडे असलं काही उतरवू नकोस, जॉइन होताना तू ज्या कागदांवर सह्या केल्यास त्यात बहुतेक हे लिहिलेलंच असेल, आणि सही नसती तरी ते आपलं नाही. तू काय शिकलीस ते तुझं आहे, ज्या डेटावर शिकलीस तो त्यांचा. रेझ्युमेत किती सांगितलेलं चालेल याची शंका असेल तर मेंटॉरला सरळ विचार, हा प्रश्न विचारला म्हणून कुणी रागावत नाही, उलट जबाबदार मुलगी वाटतेस.

आता टूल लाइव्ह गेलं नाही त्याबद्दल. तू हे अपराध कबूल केल्यासारखं लिहिलंयस म्हणून मला यावर जरा थांबायचंय. इंटर्नची प्रोजेक्टं लाइव्ह न जाणं ही फार नेहमीची गोष्ट आहे, आणि त्याचं कारण बऱ्याचदा कामाच्या दर्जापेक्षा वेगळंच असतं. एखादी गोष्ट लाइव्ह केली की तिला कुणीतरी सांभाळायला लागतं, रात्री बंद पडली तर उठायला लागतं, तिचं सिक्युरिटी रिव्ह्यू, टेस्टिंग, जुन्या सिस्टिमशी जोडणं हे सगळं आलं, आणि जिने ती बनवली ती तर दहाव्या आठवड्यानंतर नसणार हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. त्यामुळे पुष्कळ टीम इंटर्नला मुद्दाम असं काम देतात की ज्यातून 'ही कल्पना चालेल का' एवढं कळावं. तुझ्या टीमला ते कळलं. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य कुठलं सांगू? 'एकाच मेसेजमध्ये दोन तक्रारी असल्या की गंडायचं.' तुझ्यासाठी ती फक्त एक कमतरता आहे, पण हे वाक्य लिहायला माणसाने शेकडो तक्रारी वाचाव्या लागतात, निकाल तपासावे लागतात, चुकलेले बाजूला काढून त्यांच्यात सारखं काय आहे हे शोधावं लागतं. म्हणजे तुझ्या टूलचा मूळ धरून चाललेला नियम, एक मेसेज म्हणजे एक तक्रार, तोच खऱ्या माणसांच्या बाबतीत टिकत नाही हे तू शोधलंस. वैतागलेला माणूस सुट्या सुट्या तक्रारी लिहीत नाही, पैसे जास्त कापले आणि वर वस्तूपण उशिरा आली हे तो एका दमात लिहितो. पुढच्या इंटरव्ह्यूत कुणी विचारलं 'लाइव्ह गेलं का', तर न अडखळता सांग की नाही गेलं, प्रोटोटाइप होता, अमुक ठिकाणी चुकायचा, का चुकायचा ते हे, आणि मला आणखी चार आठवडे मिळाले असते तर आधी मेसेजचे तुकडे पाडले असते आणि मग प्रत्येक तुकडा वेगळा पाठवला असता. समोरच्याला ह्या उत्तरात जेवढं कळतं तेवढं 'हो गेलं' मध्ये कळत नाही. रेझ्युमेत मात्र 'लाँच केलं' वगैरे लिहायचा मोह झाला तरी लिहू नकोस, दोन प्रश्नांत उघडं पडतं आणि मग खरं केलेलंसुद्धा खोटं वाटायला लागतं.

पीपीओ. इथे मी तुला खोटा दिलासा देणार नाही. 'हेडकाउंट नाही' हे अक्षरशः खरं असू शकतं, टीमला वर्षाला किती माणसं घ्यायची हा आकडा वरून ठरून येतो आणि पाच चांगले इंटर्न असले तरी जागा दोनच असू शकतात. आणि हे वाक्य 'त्या दोघांचं काम आम्हाला जास्त आवडलं' हे सौम्यपणे सांगायलासुद्धा वापरतात. दोन ओळींच्या मेलवरून कुठलं ते कळणं शक्य नाही, तू ती दोन वाक्यं शंभर वेळा वाचलीस तरी नाही कळणार, आणि तू वाचतेयस ना शंभर वेळा? त्यापेक्षा विचार. पण 'मला का नाही घेतलं' असं विचारू नकोस, ह्या प्रश्नावर समोरचा माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी कारण लेखी द्यायचंच नाही असा एचआरचा नियमही असतो. मेंटॉरला लिही, मॅनेजरला नंतर. साधारण असं:

'सर, शेवटच्या दिवशी तुमची भेट झाली नाही, नीट निरोप घ्यायचा राहिला. दोन तक्रारी एकत्र असलेल्या मेसेजचा प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे, त्यावर मी काय करून बघितलं आणि काय राहिलं ह्याची एक पानाची नोट लिहून देऊ शकते, टीममध्ये पुढे कुणी घेणार असेल तर उपयोगी पडेल. आणि एक विचारायचं होतं. मी उद्या परत पहिल्या दिवसापासून सुरू केलं, तर तुमच्या मते काय वेगळं करावं? पंधरा मिनिटं फोनवर बोललात तर फार बरं होईल.'

बघ, यात तू काही मागत नाहीयेस असं नाही, पण आधी देतेयस. फोनवर लोक लिहितात त्यापेक्षा मोकळं बोलतात. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर, त्यानंतर सोड. आणि उत्तर आलं आणि ते टोचलं, समजा ते म्हणाले की तू अडकायचीस तेव्हा दोन-दोन दिवस विचारायचीस नाही, तर ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिही. टोचेल, पण ते तुझ्या एका सवयीबद्दल असेल, आणि सवय बदलता येते. आत्ता मात्र तुझ्याकडे नुसता 'मी कमी पडले' असा धूर आहे, धुराचं काय करणार.

त्याच मेलमध्ये किंवा वेगळ्या, एक गोष्ट मनापासून लिही, ती म्हणजे त्यांनी केलेली एखादी नेमकी मदत. अमुक दिवशी तुम्ही माझ्या शेजारी बसून ते एरर शोधून दिलंत, असं. तुला वाटेल आता तीन आठवड्यांनी काय, विचित्र दिसेल, शब्द नीट जमणार नाहीत. अमित कुमार आणि निकोलस एपली ह्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं, लोकांना कुणाला तरी आभाराचं पत्र लिहायला सांगितलं, समोरच्याला कसं वाटेल याचा अंदाज विचारला, आणि मग पत्र मिळालेल्यांना खरंच कसं वाटलं ते विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा समोरच्यांना कितीतरी जास्त आनंद झाला होता आणि अवघडल्यासारखं फारच कमी वाटलं होतं. लिहिणारा शब्द बरोबर आहेत ना ह्या काळजीत असतो, वाचणाऱ्याला त्यातली माया पोचते. मी त्या सुपरवायझर काकांना कधीच सांगितलं नाही. वही सापडली तेव्हा शोधायचा प्रयत्न केला, ते काम सोडून कधीच गेले होते, नंबर कुणाकडे नव्हता. मला अजून वाईट वाटतं. तुझ्याकडे आत्ता नंबर आहे.

याचा पुढे उपयोग होतो का? होतो, तेही सांगून टाकते. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा एक प्रसिद्ध लेख आहे, त्यात त्यांनी ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याने सांगितलं तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटायचा. वरचेवर भेटणारे निघाले जेमतेम १७ टक्के. निम्म्याहून जास्त अधूनमधून भेटणारे, आणि २८ टक्क्यांच्या आसपास तर क्वचितच भेटणारे. आपल्या जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. त्यामुळे बाकीच्या चार इंटर्नशी बोलणं ठेव, ज्या दोघांना पीपीओ आला त्यांच्याशीपण. त्यांचं अभिनंदन केलंस का? नसेल केलं तर कर, मनात कडू असलं तरी कर, त्यांनी तुझी जागा घेतलेली नाही.

आता दुसरा हिशोब, शहराचा. मला खरं तर ह्यावरच बोलायचं होतं.

पहिला दिवस आठव. फोन हातात, दर कोपऱ्यावर थांबून निळा ठिपका कुठे वळतोय बघायचं. आणि मग कधीतरी, सहाव्या सातव्या आठवड्यात, तू फोन खिशात ठेवून चालायला लागली असशील आणि तो दिवस कुठला हे तुला सांगताही येणार नाही. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत अशा पेशी शोधल्या की ज्या उंदीर एका ठराविक जागी आला की पेटतात, दुसऱ्या जागी दुसऱ्या, आणि ह्या कामासाठी त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं, मोझर ह्या संशोधक दांपत्यासोबत. म्हणजे जागा ओळखीची होते तेव्हा डोक्यात तिचा खराखुरा नकाशा बसत जातो. तू रात्री फोनवरचा मॅप उघडतेस तेव्हा मला वाटतं तू रस्ते शोधत नसतेस, ते तुला पाठ आहेत, तू फक्त ते अजून आहेत ना हे बघून घेतेस. यात वेडं काही नाही.

आणि परतल्यावर उदास वाटणं हेही जुनंच निरीक्षण आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये परदेशी जाऊन राहिलेल्या लोकांबद्दल लिहिलं की आधी उत्साह, मग खड्डा, मग सवय, असा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख होतो. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्याने त्याला पुढचा भाग जोडला, घरी परत आल्यावर पुन्हा तसाच खड्डा येतो, आणि यूचा डब्ल्यू झाला. सगळ्यांना हा आलेख तंतोतंत लागू पडत नाही, आणि तू काही परदेशात गेली नव्हतीस, पण त्यातली एक गोष्ट मला पटते, जाताना आपण मनाची तयारी करून जातो, परत येताना कुणीच करत नाही. घरी येतोय, त्यात काय तयारी! आणि मग घरी सगळं जिथल्या तिथे असतं, तुझ्या खोलीतली उशीसुद्धा, फक्त तूच त्यात आधीसारखी बसत नाहीस.

तू लिहिलंयस, 'इकडे मी अशी नाहीच आहे.' तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. तिकडे तुला कुणी ओळखत नव्हतं. तू कुणाची मुलगी, कुणाची धाकटी बहीण, वर्गातली गप्प बसणारी की खूप बोलणारी, एकटी कुठे जाते की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याप्रमाणे वागायची गरज नव्हती. रविवारी बसमधून मधेच उतरणारी मुलगी तुला तिकडे भेटली, आणि तू तिला तिकडेच सोडून आलेय असं धरून चाललीयस. रस्त्यांची आठवण येतेच, पण जास्त तिची येते. आणि ती मुलगी काही त्या शहराच्या मालकीची नाही. इकडे तिला बाहेर काढायला जड जाईल हे मला कबूल आहे, कारण इकडे लोक विचारतात, 'कुठे चाललीस? एकटीच? का?' तिकडे हे 'का' नव्हतं. तर येत्या रविवारी कुणी विचारलं तर सांग, 'असंच, चालून येते.' जिथे तुला सगळं माहीत आहे असं वाटतं त्याच गावात अशी बस पकड जिच्या शेवटच्या स्टॉपला तू कधी उतरली नाहीस. पहिल्यांदा खोटं खोटं वाटेल, तिकडची नक्कल केल्यासारखं. तिसऱ्या रविवारनंतर मला सांग कसं वाटतं.

आणि घरच्यांना 'छान' ह्या एका शब्दावर परत पाठवू नकोस ना. ते विचारतायत कारण त्यांच्यासाठीपण ते दहा आठवडे लांबलचक होते. त्यांना पीपीओ वगैरे समजत नसेल तर राहू दे, त्यांना ती दोन तक्रारींची गोष्ट सांग, किंवा तू पहिल्यांदा रस्ता चुकलीस तो दिवस सांग. एक गोष्ट नीट सांगितलीस की पुढच्या आपोआप निघतील.

रूममेटबद्दल. जेफ्री हॉल नावाच्या संशोधकाने २०१८ मध्ये मोजायचा प्रयत्न केला की मैत्री व्हायला किती तास लागतात. साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, चांगल्या मित्रापर्यंत ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर, आणि नुसते कामानिमित्त एकत्र घालवलेले तास त्यात फारसे धरता येत नाहीत, गप्पांचे धरता येतात. तू आणि ती, रात्री दोनपर्यंत, दहा आठवडे, कर बेरीज. ती मैत्री खरी होती, तुला भास झालेला नाही. पण ती तासांवर उभी होती, आणि ते तास आता आपोआप मिळत नाहीत, रील पाठवून ते भरून निघत नाहीत. आठवड्यातला एक वार ठरवून फोन लाव, आणि उचलल्यावर 'बोल गं, काय चाललंय' ने सुरू करू नकोस, तुझ्या अंगावर आलेली एखादी गोष्ट सांगून सुरू कर, हे उदास वाटणंच सांग. मला खात्री वाटते की तिकडूनही हेच ऐकू येईल. आणि समजा काही महिन्यांनी फोन विरळ झाले, तर ते झालं म्हणून आधीच्या रात्री खोट्या ठरत नाहीत.

एक काळजीची गोष्ट, मोठ्या बहिणीसारखी. अजून तीन-चार आठवड्यांनीही झोप लागत नसेल, कॉलेजला जावंसं वाटत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर कॉलेजच्या काउन्सेलरकडे किंवा डॉक्टरकडे जाऊन बोल, एवढ्याशा कारणासाठी काय जायचं असा विचार करत बसू नकोस.

आता ती किल्ली. ती तू ठेवून घ्यावीस असं तुला वाटत असणार, मला दिसतंय ते, पण घरमालकीणबाईंना नव्या मुलीला द्यायला ती लागेल, आणि आपली एक किल्ली कुठेतरी बाहेर आहे ह्या विचाराने त्यांना कुलूप बदलावं लागेल ते वेगळंच. आजच मेसेज कर की चुकून माझ्याकडे राहिली, पाठवतेय. सोबत चिठ्ठी घाल आणि त्यात त्यांच्याकडे राहताना तुला काय बरं वाटलं ती एक गोष्ट लिही, दोन ओळी पुरतील. हवा असेल तर आधी किल्लीचा फोटो काढून दहाव्या आठवड्याच्या पानावर लाव. आणि पाठवताना किल्ली नुसती पाकिटात टाकू नकोस, वाटेत पाकीट फाडून बाहेर पडते, जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटपट्टीने घट्ट बसव आणि मग आत घाल, आणि पत्ता किल्लीच्या पाकिटावर लिहिलायस म्हणजे कुठलं दार ते कुणालाही कळेल, तर साध्या टपालाने नको, स्पीड पोस्टने पाठव.

– ताई